वटवाघळाच्या पिल्लाला हिरो नको, ड्यूटी लावा

मे महिन्यात चोपड्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा चिंचेला किंवा वडाला लटकलेली वटवाघळं काय करतात, हे एकदा मान वर करून बघा. पंखांनी वारा घेतात, अंग चाटून ओलं करतात, सावलीच्या फांदीकडे सरकतात. आणि नेमके हेच दिवस त्यांच्या लेकुरवाळेपणाचे असतात. मोठ्या फळखाऊ वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. बहुतेक पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात आणि पहिले काही आठवडे आईच्या पोटाला बिलगून असतात. आई उन्हाने पडली, विजेच्या तारेला चिकटली किंवा मांजात अडकली, की खाली एक जिवंत पिल्लू उरतं.

मग दोन प्रकारची माणसं जमतात. एकाच्या हातात दगड असतो, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. पहिला म्हणतो, अपशकुनी आहे, कोरोना पसरवतं, मारा. दुसरा पिल्लू तळहातावर घेतो, ड्रॉपरने दूध पाजतो, रील टाकतो आणि 'वाइल्डलाइफ लव्हर' होतो. माझं भांडण दोघांशी आहे. पण दुसऱ्याशी जास्त आहे, कारण तो माझ्याच पिढीचा आहे आणि आपण पुण्य करतोय असं त्याला मनापासून वाटतं.

आधी दगडवाल्याचा हिशेब. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ शेकडो वटवाघळं मरून पडली, तेव्हा कोरोनाच्या भीतीने गाव हादरलं. बरेलीच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तपासणी झाली. कोरोना नव्हताच, उष्णतेने मेंदूत रक्तस्राव झाला होता. 'केळी खातात' हा दुसरा आरोप. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातली केळी हिरवी असतानाच कापून गाडीत चढते, वटवाघळाला लागतं पिकलेलं फळ. पेरू-चिकूवाल्याचं नुकसान होतं, ते मान्य. पण सातपुड्यातल्या मोहाचं परागीभवन रात्री हीच वटवाघळं करतात, त्याच्या बिया दूर नेऊन टाकतात, वड-उंबराच्याही. मोहफुलं वेचून ज्यांच्या घरात चार पैसे येतात, त्यांना विचारा हे झाड किती मोलाचं आहे. कायद्याने तर आपली चूक उशिरा का होईना सुधारली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, आणि १ एप्रिल २०२३ पासून हे मोठं वटवाघूळ संरक्षित प्राणी आहे.

आता मोबाइलवाला. त्याला आवडणार नाही, पण भीती अगदीच खुळी नाही. केरळात २०१८ साली निपाहने कोझिकोड परिसरात १७ जीव घेतले. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे मार्च २०२० मध्ये घेतलेले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासले, त्यांत निपाहच्या खुणा मिळाल्या. श्रीलंकेत तर आपल्याकडचीच जी मोठी जात, तिच्यात रेबीजच्या कुळातला गन्नोरुवा नावाचा विषाणू सापडला. याचा अर्थ वस्ती उधळा असा नाही. उधळली तर जखमी वटवाघळं विखुरतात आणि माणसाच्या आणखी जवळ येतात. याचा अर्थ एवढाच, की उघड्या हाताने उचलू नका. आणि घाईत पाजलेलं दूध पिल्लाच्या फुफ्फुसात गेलं, तर तुमच्या रीलचा नायक संध्याकाळपर्यंत मेलेला असतो. तो भाग कुणी अपलोड करत नाही.

शिवाय वन्यप्राणी घरात ठेवणं हा गुन्हा आहे. ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत कळवायचं असतं. 'मी पाळलंय' हे वाक्य प्रेमाचं वाटतं, कायद्याच्या भाषेत तो कबुलीजबाब आहे.

मग हे काम होतच नाही का? होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डोंगराळ भागात टोल्गा बॅट हॉस्पिटल आहे. तिथे गोचिडीच्या विषाने आया लुळ्या पडतात आणि झाडाखाली पिल्लं उरतात. स्वयंसेवक त्यांना कापडात गुंडाळतात, चोखणी देतात, ठरलेल्या वेळी दूध पाजतात, मग मोठ्या पिंजऱ्यात इतर पिल्लांबरोबर ठेवतात आणि शेवटी रानात सोडतात. पण पहिली अट रेबीजच्या लशीची. लस नाही तर पिल्लाला हात नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच प्रांतात उष्णतेच्या लाटेने सुमारे २३,००० वटवाघळं मेली आणि शेकडो पिल्लं पोरकी झाली. तेव्हा पिल्लं सांभाळणारे हात तयार होते, कारण ते आधीपासून शिकलेले होते.

फरक प्रेमाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रात्री तीनला सर्व्हर पडला तर कोण उठणार, हे आठवडाभर आधी लिहिलेलं असतं. त्याला ऑन-कॉल म्हणतात. त्यात हिरोगिरी काही नाही, झोपमोड आहे. पोरक्या पिल्लाला दर तीन-चार तासांनी दूध लागतं, रात्रीसुद्धा. म्हणजे त्याला गरज आहे ती नेमक्या याच नीरस यादीची. राज्यात नागपूर, पुण्यासारख्या शहरांत वन्यप्राण्यांची उपचार केंद्रं उभी राहिली, छान झालं. पण चोपड्याहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. तेवढ्यात पिल्लाच्या दोन-तीन वेळा चुकल्या.

म्हणून मागणी साधी आहे. यावल वनविभागाने चोपड्यात दहा जणांची यादी करावी. त्यांना रेबीजची लस आगाऊ द्यावी, पशुवैद्यकाकडून प्रशिक्षण द्यावं, जाड हातमोजे आणि हवेशीर खोकी द्यावीत, आणि कुणाची रात्र कधी ते लिहून लावावं. बाकीच्यांनी काय करायचं? पिल्लू दिसलं तर हात लावू नका, कुत्री-मांजरं दूर ठेवा, सावली करा आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही. बरोबर, नसायलाच हवं.

कुणी म्हणेल, इथे माणसं उन्हाने आडवी होतात आणि तुम्हाला वटवाघळांचं पडलंय. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं, हे मलाही माहीत आहे. पण जे झाड वटवाघळाला आसरा देतं, त्याच झाडाखाली हमाल आणि भाजीवाली दुपार काढतात. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावातून जातो. रस्ता रुंद करायचं निघालं की कुऱ्हाडीची पहिली नजर कडेच्या जुन्या निंब-चिंचांवर जाते. झाड गेलं की वस्ती उन्हात येते, मग पिल्लं पडतात आणि मग आपण ड्रॉपर शोधतो. ज्याला पिल्लाचं खरंच प्रेम आहे, त्याने त्या झाडासाठी नगरपरिषदेत लेखी हरकत घ्यावी. ही स्वयंसेवा सगळ्यात स्वस्त आहे आणि तिला लस लागत नाही.

पिल्लं फेब्रुवारी-मार्चपासून दिसू लागतात. यादी जानेवारीत लागली पाहिजे. उरलेली दया एप्रिलमध्ये स्टेटसला टाकली तरी चालेल.