हळद, आजी आणि छापील पुरावा

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद झाला. पण जखमेवर हळद लावण्याच्या युक्तीचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने हरकत घेतली व १९९७ मध्ये ते रद्द झाले.

मला खटकते ते वेगळेच. तेथल्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर धरला जात नसे, लेखी पुरावा लागे. तो मिळाला म्हणून जिंकलो. आजीची साक्ष मोजलीच गेली नसती! (माणसाच्या नैसर्गिक जनुकावर मालकी नाही, हे म्हणायला तेथल्या सर्वोच्च न्यायालयालाही २०१३ उजाडले.)

आपल्या वाड्यातांड्यांवरील कितीतरी झाडपाला अजून तोंडीच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी जैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय झाली. ती कचेरीत बसून भरली गेली, तर तिच्यात आजी कुठून येणार? मराठी विभागाने यंदाच्या सुटीत आम्हांला गावची नोंदवही वाचायला पाठवावे. आणि सांगणारीचे नाव, तिची परवानगी घेऊन, तीत घालावयास लावावे.