नावाचा पत्ता सांगणारा कोण?

नाव आणि वस्तू यांचा संबंध निसर्गदत्त नसून संकेताने ठरलेला असतो, हे आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला सोस्यूरच्या आधाराने वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. 'झाड' या ध्वनीत झाडपण नसते. समाजाने तो संकेत मान्य केलेला असतो, इतकेच. मात्र भाषेतला संकेत कोणा एकाच्या मालकीचा नसतो. आंतरजालावर हाच सिद्धान्त वेगळ्या रूपात भेटतो आणि तेथे मालकीचा प्रश्न टाळता येत नाही. संगणकाला नावे कळत नाहीत, अंक कळतात. आपण संकेतस्थळाचे नाव टंकतो तेव्हा त्याचा अंकी पत्ता कोणीतरी सांगावा लागतो. ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. पत्ता सांगणारा हा बहुधा आपला इंटरनेट सेवादाताच असतो. आपण त्याला या कामासाठी निवडलेले नसते आणि तो आहे हेही आपल्या गावी नसते. तो बदलून एखादी फुकट सेवा घ्या, म्हणजे जाल वेगवान व सुरक्षित होईल, असा सल्ला आता सर्रास दिला जातो. सल्ला घ्यावा असेच आमचे मत आहे. परंतु तो ज्या कारणांसाठी दिला जातो ती कारणे आधी तपासावीत.

जाल लहान होते तेव्हा सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच धारिकेत लिहिलेले असत. ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळी आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. यंत्रे वाढली तशी ही पोथीची पद्धत अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एका पोथीऐवजी अधिकारांची उतरंड आली: मुळाशी विचारावे, तो पुढच्याकडे पाठवील, तो त्याच्याही पुढच्याकडे. ही विचारपूस आपल्या वतीने करणारा आणि मिळालेले उत्तर काही काळ ध्यानात ठेवणारा, तो आपला 'सांगणारा'. २००६ साली ओपनडीएनएसने, २००९च्या डिसेंबरात गूगलने, २०१७ साली क्वाड९ने आणि १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअरने ही सेवा सर्वांना फुकट खुली केली.

वेगाचा दावा अर्धा खरा आहे. पत्ता विचारणे ही पान उघडण्याची केवळ पहिली पायरी. सेवादात्याचा सांगणारा मंद किंवा वारंवार मूक होणारा असेल, तर बदल लगेच जाणवतो. तो बरा असेल, तर वाचतात ते सेकंदाचे सूक्ष्म अंश. पत्ता कळल्यानंतर मजकूर ज्या वाटेने येतो ती वाट तीच राहते. स्कॅन केलेला जाडजूड ग्रंथ उतरवून घ्यायला लागणारा वेळ त्याने घटत नाही.

सुरक्षेचा दावा अधिक वजनदार आहे. २००८ साली डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले, की सांगणाऱ्याच्या स्मरणात खोटे उत्तर घुसवता येते. मग नाव बँकेचे आणि पत्ता चोराचा, असे घडू शकते. मोठ्या मुक्त सेवा उत्तरांची सही पडताळतात, परंतु ही पडताळणी मूळ नावाच्या धन्याने सही केलेली असेल तरच उपयोगी पडते. क्वाड९सारखी सेवा फसवणुकीसाठी ओळखल्या गेलेल्या नावांचा पत्ताच देत नाही. मात्र नुसते अंक बदलल्याने आपली विचारणा झाकली जात नाही. ती पोस्टकार्डासारखी उघडीच जाते आणि वाटेत कोणालाही वाचता येते, अडवताही येते.

याचा धडा तुर्कस्तानात मिळाला. २०१४च्या मार्चमध्ये तेथील सरकारने ट्विटर बंद केले. प्रारंभी ही बंदी नावाच्या पातळीवर होती. नाव विचारले, तर सांगणारा भलत्याच ठिकाणी नेई. तेव्हा इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनी गूगलच्या सेवेचे अंक रंगवले: ८.८.८.८. भिंतीवरच्या घोषणेत एकही शब्द नसावा आणि तरी ती सर्वांना कळावी, असे उदाहरण विरळाच. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस गूगलने जाहीर केले, की तुर्की सेवादाते तिच्या पत्त्यावर निघालेल्या विचारणा मध्येच अडवून स्वतःच उत्तरे देत आहेत. लोक ज्याला विचारत होते तो बदलला होता; उत्तर देणारा मात्र तोच होता.

म्हणून विचारणा कूटबद्ध करणे हाच खरा बदल. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय फोनमध्येच आहे. फायरफॉक्ससारख्या न्याहाळकांतही ती मिळते. तथापि कूट म्हणजे मुक्ती नव्हे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले, तेव्हा ते परक्यांना अगम्य झाले. किल्ली असणाऱ्यांना नव्हेत. येथेही सेवादात्याला ही विचारणा वाचता येत नाही, पण नव्या सांगणाऱ्याला येते. शिवाय संकेतस्थळाशी जोडणी होताना त्याचे नाव अजूनही बहुधा उघडे जाते. विश्वास संपत नाही, त्याचे स्थान बदलते.

'फुकट' या शब्दाचा अर्थ लावायचा तो येथे. ओपनडीएनएस प्रारंभी चुकीच्या नावाच्या जागी जाहिरातींचे पान दाखवून पैसा उभा करी. ही प्रथा तिने २०१४ साली सोडली आणि २०१५ साली ती सिस्कोच्या मालकीची झाली. गूगलचा मुख्य व्यवसाय जाहिरातीचा. क्वाड९ नफ्यासाठी नाही, २०२१पासून ती स्वित्झर्लंडच्या कायद्याखाली आहे आणि विचारणाऱ्याचा पत्ता नोंदवत नसल्याचे सांगते. सांगणाऱ्याला आपण वाचलेले पान दिसत नाही, केवळ संकेतस्थळाचे नाव दिसते, हे खरे. पण महिनाभराच्या नावांची यादी म्हणजे माणसाचे शब्दचित्रच: आजार, कर्ज, श्रद्धा, राजकीय कल, कोणाला न सांगितलेली जिज्ञासा. ग्रंथपालाने आपल्या वाचकाची नोंदवही चव्हाट्यावर मांडू नये, असे आपण मानतो. तीच अपेक्षा येथे का नसावी?

तेव्हा आपल्या फोनवर आणि घरच्या राउटरवर बदल जरूर करावा. सेवा निवडताना वेगाच्या जाहिरातीपेक्षा ती काय नोंदवते आणि किती काळ ठेवते हे वाचावे. महाविद्यालयाच्या संगणकांवर मात्र परस्पर बदल करू नये. ग्रंथालयाच्या सूचीसारखी अंतर्गत नावे तेथल्या सांगणाऱ्यालाच ठाऊक असू शकतात. तेथे प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकच लेखी प्रश्न विचारावा: आमच्या विचारणांची नोंद कोणाकडे राहते? संहितेचा निवेदक विश्वासार्ह आहे का, हे विचारायला आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. ही सवय ग्रंथाच्या मुखपृष्ठाबाहेरही चालावी, नाहीतर ती केवळ परीक्षेपुरती उरेल.