इंजिनिअर मुलांची नोंद



उसाची नोंद म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. लागणीची तारीख, क्षेत्र आणि जात शेतकी खात्याकडे बिनचूक लिहिली तर तोड वेळेवर येते. लावली २६५ आणि लिहिली ८६०३२, किंवा नोंदच केली नाही, तर फडात कितीही झकास ऊस उभा असो, टोळी बांधावरून पुढे निघून जाते. आज मात्र आम्ही लिहिणार आहोत ते उसाच्या नव्हे, आपल्या घरातल्या इंजिनिअर पोरापोरींच्या नोंदीविषयी.

आपल्या जिल्ह्यात इंजिनिअर घरोघरी झाले. ओझरला विमानांचा कारखाना १९६४ साली आला, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती झाल्या. निफाड कारखान्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या काकासाहेब वाघांच्या नावाने नाशकात १९८४ साली इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. उसाच्या बिलातून फी भरून शिकलेली पोरं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि त्यांचीही पोरं शिकताहेत.

या पोरांच्या तोंडी 'लिंक्डइन' हे नाव आपण ऐकले असेल. नोकरी-धंद्याच्या ओळखीची ही मोबाइलवरची वही. अमेरिकेत २००३ साली सुरू झाली, २०१६ पासून मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे आहे, आणि भारतात १० कोटींहून अधिक लोकांची तीत पाने आहेत. शिक्षण काय, काम कुठे व कोणते केले, हे ज्याने त्याने स्वतः लिहायचे. माणूस हवा असणारा तीत शब्द टाकून शोधतो. शब्द जुळला तर पान वर येते, नाही तर तळाशी पडून राहते. आपली पोरं कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हे पान हौसेने उघडतात आणि मग दहा-दहा वर्षे तिकडे फिरकत नाहीत.

आमच्या माहितीतली गोष्ट सांगतो. एका सभासदाचा मुलगा जिल्ह्याबाहेरच्या एका कारखान्यात अकरा हंगाम होता. ट्रेनी म्हणून मिलवर लागला. पुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा पास झाला, ८७ किलो दाबाचा बॉयलर आणि वीजनिर्मिती सांभाळू लागला. पगार सहा-सहा महिने थकू लागला, तेव्हा त्याने बाहेर पाहायचे ठरवले. पानावर काय होते? 'ट्रेनी इंजिनिअर, मिल हाऊस. होतकरू व मेहनती.' वर्षभर एक फोन आला नाही. बाप म्हणाला, "पोरात काही कमी आहे का हो?" पोरात कमी काहीच नव्हते. फडात ऊस होता, नोंद नव्हती.

मधल्या काळात कारखानदारी किती बदलली पाहा. २१ किलोचे बॉयलर जाऊन ४५, ६७, ८७ आणि ११० किलोचे आले. वाफेच्या टर्बाइनवर फिरणाऱ्या मिल कित्येक ठिकाणी विजेच्या ड्राइव्हवर गेल्या. २०१८ साली बी-हेवी मळी आणि थेट रसापासूनच्या इथेनॉलला वाट मोकळी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा काही ठिकाणी मक्याकडे वळावे लागले. हे सारे ज्याने हाताने केले त्याच्या पानावर नुसते 'साखर कारखाना' असेल, तर कागद गिरणीचा किंवा वीज केंद्राचा माणूस पुढे सरकणारच. त्याला मिल हाऊस कळत नाही. त्याला कळतो दाब, तापमान, ताशी किती टन वाफ, किती मेगावॉट. तेव्हा काम आपलेच लिहावे, पण ज्याला वाचायचे आहे त्याच्या शब्दांत, आणि आकड्यांसह. 'मेहनती' सगळेच लिहितात. 'बिघाडामुळे गाळप बंदचे तास हंगामात इतक्यावरून इतक्यावर आणले' हे ज्याने आणले तोच लिहू शकतो.

हे लिहायला बारा महिने धडपड नको. हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, आरटी-८ सी चा अंतिम अहवाल गेला, की एक संध्याकाळ पुरे. काय नवे बसवले, कोणती परीक्षा दिली, कोणते काम आता करीत नाही, ते नीट करावे. रोज उठून फुलांचे फोटो आणि हार्दिक अभिनंदने टाकणे म्हणजे पान ताजे ठेवणे नव्हे. ती करमणूक झाली. कारखान्याच्या निविदा, खरेदीचे दर चुकूनही लिहू नयेत. ओझरच्या पोरांनी तर फारच जपून लिहावे.

तिथे शिफारशीचीही सोय आहे. ती आपल्या सूचक-अनुमोदकासारखी समजावी. ज्याने काम डोळ्यांनी पाहिले त्या चीफ इंजिनिअरची एक शिफारस, गावातल्या पन्नास मित्रांच्या 'उत्तम माणूस'पेक्षा मोलाची. आणि पान चांगले झाले की ठगही येतात. परदेशी नोकरीसाठी कोणी आधी पैसे मागितले तर एजंट विदेश मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट'वर नोंदलेला आहे का, हे पाहिल्याशिवाय रुपया देऊ नये.

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "पोरांना हे शिकवलं तर कारखान्यात राहील कोण?" प्रश्न रास्त आहे. बॉयलरवरचा जाणता माणूस ऐन हंगामात गेला तर ऊस वाळतो आपलाच. पण माणूस अंधारात ठेवून टिकत नाही, पगार वेळेवर देऊन टिकतो. निफाड, पळसे, रानवड येथील चाके काही हंगाम थांबलेली या जिल्ह्याने पाहिली आहेत. चाक थांबले की शेतकरी ऊस दुसरीकडे घालू शकतो; वीस वर्षे एकाच कॉलनीत राहिलेल्या इंजिनिअरने आपला अनुभव कुठे घालायचा? शिवाय बाहेर आपल्या माणसाला मागणी आहे हे दिसले, तर संचालक मंडळही त्याची किंमत ओळखेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक मागणी मात्र कारखान्याकडे आहे. कित्येकांच्या हाती केलेल्या कामाचा कागदच नसतो, मग पानावर लिहिलेले खरे कशावरून? दर हंगामाअखेर प्रत्येक इंजिनिअरला, कोणते यंत्र किती दिवस सांभाळले याचा सहीशिक्क्याचा दाखला मागणीविना मिळावा. येत्या वार्षिक सभेत आम्ही तसा ठराव मांडणार आहोत. सूचक आम्ही आहोतच. अनुमोदक सभासदांतून उभा राहावा.