दुर्बीण नको, 50 मीटरची रेंज द्या

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. कट्ट्यावर अजून बोललं जातं, "असली महागडी दुर्बीण दिली तर कुणीबी मारंल!"

राव, त्या रायफलीला दुर्बीण चालतच नाही. मागं बारीक छिद्र, पुढं गोल कडी, बस्स. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. तिथं पोचेपर्यंत गोळी सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. पण हे दरवेळी जवळपास तेवढंच असतं, म्हणून साइट आधीच तशी लावता येते. वाऱ्याचं तसं नाही. साधी झुळूकसुद्धा गोळी दहाच्या बाहेर नेते.

हे वारं ओळखायला उघड्या रेंजवर रोज उभं राहावं लागतं. आपल्या नळीला कुठल्या लॉटच्या गोळ्या मानवतात, हे कळायलाही गोळ्याच खर्चाव्या लागतात. 10 मीटरच्या बंद हॉलमध्ये वारंच नसतं, मग शिकणार काय?

सत्कार, फ्लेक्स झाले. आता प्रत्येक जिल्ह्यात रोज चालू असलेली 50 मीटरची रेंज आणि पोरांना परवडतील अशा गोळ्या मागूया. आपापल्या आमदारांना विचारा.