अपाचेचे कौतुक आणि ‘चीता’ची आबाळ



हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांचा विषय निघाला की छायाचित्र हमखास अपाचेचे असते. ३ सप्टेंबर २०१९ ला पठाणकोटच्या तळावर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी घेत ही अमेरिकी लढाऊ हेलिकॉप्टरे दाखल झाली. त्याच्या काही महिने आधी चंडीगडला अवजड चिनूक आली होती. २२ अपाचे, १५ चिनूक. कौतुक रास्तच आहे. पण हवाई दलाचे हेलिकॉप्टर म्हणजे अपाचे, हा त्यातून पसरणारा समज सियाचीनच्या चौकीवरच्या जवानाला पटणार नाही.

त्याच्यापर्यंत रॉकेल, औषधे, टपाल पोहोचवते ते ‘चीता’. फ्रेंच आराखड्यावरून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेले, एका इंजिनाचे, पुढे काचेचा घुमट आणि मागे शेपटीचा उघडा सांगाडा असलेले. सर्वांत उंच चौक्यांवर हवा इतकी विरळ की नेता येणारे वजन किलोकिलोने मोजावे लागते. दोन-चार जेरीकॅन चढवले की संपले. खाली टेकल्यावर वैमानिक इंजिन बंद करत नाही, कारण तिथे ते पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नाही. पाती फिरत असतानाच जवान वाकून धावत येतात, सामान ओढून घेतात, आजारी सोबत्याला आत सरकवतात. १३ एप्रिल १९८४ च्या पहाटे सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ‘ऑपरेशन मेघदूत’, सुरू झाली, तेव्हा कॅप्टन संजय कुलकर्णींची तुकडी बिलाफोंड ला खिंडीत उतरली तीही चीतामधूनच.

लढाऊ हेलिकॉप्टरे नकोत, असे इथे म्हणणे नाही. २८ मे १९९९ ला कारगिलमध्ये तोलोलिंगवर रॉकेटमारा करायला गेलेले एमआय-१७ स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडले गेले. चौघांचे प्राण गेले, आणि वाहतुकीच्या हेलिकॉप्टरला रॉकेटे लावून लढायला धाडण्याची किंमत कळली. उंचावर लढणारे स्वदेशी ‘प्रचंड’ त्या अनुभवातून आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते जोधपूरला दाखल झाले, आणि मार्च २०२५ मध्ये लष्कर व हवाई दलासाठी मिळून १५६ नगांचा करारही झाला. वेळ लागला, पण काम तडीस गेले.

चीताची जागा घेऊ शकणाऱ्या हलक्या हेलिकॉप्टरांचे तसे झाले नाही. १९७ नगांची परदेशी खरेदी २००७ मध्ये रद्द झाली. पुन्हा निविदा निघाल्या, २०१४ मध्ये त्याही गुंडाळल्या. मग २०१५ मध्ये रशियाशी कामोव्ह हेलिकॉप्टरांचा करार झाला. तो कागदावरच राहिला. दरम्यान, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या हलक्या हेलिकॉप्टरने सप्टेंबर २०१६ मध्ये पहिले उड्डाण केले, २०२१ मध्ये अवघ्या १२ नगांना मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये तुमकुरूला कारखान्याचे उद्घाटन झाले. फीत कापून झाली. चीता अजून राबतेच आहे. चीताचे थोरले भावंड चेतक, त्याच्या सेवेची तर साठी २०२२ मध्ये हकीमपेटला समारंभपूर्वक साजरी झाली. ज्यांनी ते केव्हाच निवृत्त करायचे, त्यांनीच हारतुरे घालावेत, यातली विसंगती व्यासपीठावर कुणाला खटकली नसावी!

‘स्वदेशी ध्रुव हेलिकॉप्टर आहे ना’, असे उत्तर मिळेल. ध्रुव हे चीताच्या दुपटीहून जड, वेगळ्या कामाचे यंत्र आहे. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळल्यावर सगळा ताफाच काही महिने जमिनीवर बसला. अशा वेळी भार कुणावर पडतो, हे सांगायला नको.

बिनलढाऊ हेलिकॉप्टरांचे हे मोल महाराष्ट्रालाही परके नाही. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी, कुलाब्यात नरिमन हाऊसच्या गच्चीवर दोरावरून कमांडो उतरले ते हवाई दलाच्या एमआय-१७ मधून. तेही वाहतुकीचेच हेलिकॉप्टर. नाशिकरोडच्या गांधीनगरला लष्कराचे वैमानिक घडतात, त्यांचा हातही चीता-चेतकवरच बसतो.

म्हणून प्रस्तुत पत्रलेखकाची मागणी साधी आहे. तुमकुरूहून दर वर्षी किती हलकी हेलिकॉप्टरे बाहेर पडणार आणि सियाचीनचे शेवटचे चीता कोणत्या वर्षी उतरवणार, याचे वेळापत्रक संरक्षण मंत्रालयाने संसदेत ठेवावे. नव्या लढाऊ हेलिकॉप्टरांच्या खरेदीची फाईल त्यानंतरच पुढे सरकवावी.

– एक वाचक