बॅकबेचा खर्च समुद्राने वाढवला नाही

मुंबईतील बॅकबे भरावाची कथा ‘लॉइडचा मूर्खपणा’ या जुन्या टोपणनावाने सांगण्याची प्रथा आहे. नाव चटकदार आहे, पण त्यामुळे सगळा दोष एका गव्हर्नरावर जातो आणि मूळ प्रश्न झाकला जातो.

सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट स्थापन झाले. समुद्र हटवून जमीन करायची, ती विकून खर्च भागवायचा आणि वर नफाही मिळवायचा, असा बेत होता. महायुद्धानंतर चढलेले जमिनीचे भाव तसेच राहणार, हे त्यात गृहीत धरले होते!

बंदराच्या तळाची चिकणमाती ड्रेजरने उपसून नळांवाटे भिंतीच्या आत टाकायची होती. अपेक्षेइतकी माती निघेना. जी टाकली, ती दगडी भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागली. पुढे जमिनीचे भाव कोसळले आणि खर्चाचा अंदाज जवळपास दुप्पट झाला. समुद्राने यात नवे काहीच केले नव्हते. तळाशी काय आहे, हे आकडा जाहीर करण्यापूर्वी नीट तपासायचे असते.

लॉइड १९२३ मध्ये मायदेशी परतले. खर्च मात्र थांबला नाही. कारण पैसा जनतेचा होता आणि हिशेब खात्याच्या हाती. खुर्शेद नरिमन यांनी कायदेमंडळात व वृत्तपत्रांत तो हिशेब मागितला, तेव्हा खात्याचे अभियंता हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली आणि अखेर योजनेला कात्री लागली.

अंदाज चुकणे हा मुंबईला नवा अनुभव नव्हता. १८४० च्या दशकात माहीम-वांद्रे मार्गासाठी सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १ लाख रुपये दिले. तेही अपुरे पडले. मग आणखी ५७ हजार द्यावे लागले. फरक इतकाच की, तिथे जिची थैली रिकामी होणार होती, तिला आधी विचारावे लागले. बॅकबेत करदात्याला आधी विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

तेव्हा अर्धवट सोडलेल्या भागात स्वातंत्र्यानंतर भराव पडला. तेथील एका टोकाला आज नरिमन पॉइंट म्हणतात.