दोन दिवसांचा वर्ग

आमच्या एका स्नेह्यांची नात अमेरिकेंत एका सरकारी विद्यापीठांत शिकते. गेल्या महिन्यांत तिनें आजोबांस कळविलें कीं, शनिवार-रविवार दोन दिवस ती भाषणस्वातंत्र्याच्या वर्गास जाऊन आली. आजी म्हणाल्या, "बोलावयास का कोणास शिकवावें लागतें? आणि आमच्या चिमीस तर मुळींच नव्हे!" वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें परदेशीं आहेत, म्हणून या विषयाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

त्या देशांत विद्यार्थ्यांचीं मंडळें ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करितात. मुलांच्या मंडळास फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या मंडळास सोरॉरिटी. अशा नांवाचें पहिलें मंडळ, फाय बीटा कप्पा, १७७६ सालीं निघालें. पुष्कळ मंडळांचें स्वतःचें घर असतें, वडील-धाकट्यांचा क्रम असतो, आणि एकानें कांहीं केलें कीं नांव सर्वांचें जातें. (एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें सांगावयास नको.) तेव्हां कांहीं सभासदांच्या वागण्याबोलण्यासाठीं विद्यापीठानें सबंध मंडळास शिक्षा करावी काय, हा प्रश्न तेथें वारंवार उठतो.

वर्गांत एका जुन्या खटल्याची चर्चा झाली. व्हर्जिनियांतील जॉर्ज मेसन विद्यापीठांत १९९१ च्या एप्रिलमध्यें सिग्मा काय या मंडळानें दानधर्मासाठीं पैसे जमविण्याच्या निमित्तानें 'कुरूप स्त्री'ची स्पर्धा भरविली. मुलगे स्त्रीवेष घेऊन उभे राहिले. त्यांतल्या एकानें तोंडास काळें फासून कृष्णवर्णीय स्त्रीची नक्कल केली. २४७ विद्यार्थ्यांनीं सह्या करून निषेध नोंदविला. विद्यापीठानें मंडळाचे बहुतेक सामाजिक कार्यक्रम दोन वर्षें बंद केले. मंडळ न्यायालयांत गेलें आणि जिंकलें. १९९३ सालीं अपील न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम केला. प्रयोग हलक्या अभिरुचीचा होता हें न्यायाधीशांनीं झांकलें नाहीं. परंतु सरकारी संस्थेच्या ध्येयास एखादी अभिव्यक्ति रुचत नाहीं, एवढ्यावरून तिला शिक्षा करितां येत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें.

हें ऐकून चिमी अस्वस्थ झाली. तिचा वर्ण सांवळा. भर वर्गांत ती म्हणाली, "मी तेथें असतें तर त्या पत्रकावर पहिली सही माझी पडली असती." शिकविणाऱ्या बाई म्हणाल्या, "अवश्य. तो हक्कहि घटनेच्या त्याच दुरुस्तीनें दिला आहे." उत्तर बिनतोड खरें, पण जिची नक्कल झाली तिच्या मनाचें काय, हें त्यांत येत नाहीं. आपल्याकडे स्नेहसंमेलनांत फिशपाँड टाकण्याची चाल आहे. एखाद्या मुलीच्या रंगावर टाकलेल्या दोन ओळी तिला वीस वर्षें विसरतां आलेल्या नाहींत, असें आम्ही पाहिलें आहे. तरीहि त्या ओळींसाठीं सगळ्या वर्गावर दोन वर्षें बंदी घालावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. टाकणारास उभें करून जाब विचारावा, एवढें मात्र म्हणूं.

या हक्काची हद्दहि ध्यानांत घ्यावी. धमकी, छळ, नव्या सभासदास मारझोड यांस तो लागू नाहीं. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमांत तर वाजवी निर्बंधांचीं कारणेंच नमूद आहेत. तेव्हां तेथला निकाल येथें जसाचा तसा लावूं नये. शिवाय अमेरिकेंतील ती दुरुस्ती सरकारास बांधते, खाजगी संस्थेस नव्हे. हार्वर्ड या खाजगी विद्यापीठानें केवळ पुरुषांच्या वा केवळ स्त्रियांच्या मंडळांत जाणारांस विद्यार्थीसंस्थांचें पुढारीपण नाकारण्याचें २०१६ सालीं जाहीर केलें, आणि २०२० सालीं तो नियम सोडून दिला.

खाजगी म्हटलें कीं चिमीचें मंडळहि त्यांतच आलें. वर्गाविषयीं विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत लिहावें असें तिच्या मनांत होतें. परंतु मंडळाच्या वडील मुलींस विचारल्यावांचून सभासदानें वृत्तपत्रांत लिहूं नये, असा तेथला दंडक आहे. त्यावर घटना कांहीं बोलत नाहीं. आजोबांनीं तिला विचारलें आहे, "मग तूं लिहिणार कीं नाहींस?" आमच्या स्नेह्यांच्या घरीं सध्यां तिच्या उत्तराची वाट पाहत आहेत, आणि लिहूं नकोस असें आजींनीं अद्याप एकदांहि म्हटलेलें नाहीं.